मूल फोटोतून काय सांगते?

आजकाल घरातल्या प्रत्येक मोबाइलमध्ये हजारो फोटो असतात. शादी, ईद, अकीका, सहल. सगळे रांगेत उभे आणि सगळे हसणारे. ते जपून ठेवावेत, त्यात वावगे काहीच नाही. पण अशा फोटोंतून तिथे कोण कोण होते एवढेच कळते. त्या दिवशी कोणाच्या मनात काय होते, ते कळत नाही. मूल मोबाइल घेऊन काही वेगळे काढू लागले की आपण म्हणतो, "टाइमपास बंद कर." ते काहीतरी सांगू पाहत असेल, हे आपल्या ध्यानात येत नाही.

वेंडी इवाल्ड या अमेरिकन छायाचित्रकार बाईंनी हे फार आधी ओळखले. १९७५ च्या सुमारास केंटकी राज्यातील कोळशाच्या खाणींच्या डोंगराळ भागात त्या शाळेतल्या मुलांना फोटोग्राफी शिकवू लागल्या. मुलांच्या हाती अगदी साधे कॅमेरे होते. विषय दिले ते असे: मी, माझ्या घरचे, माझी जनावरे आणि माझी स्वप्ने. स्वप्नाचा फोटो कसा काढायचा? मुलांनीच वाट शोधली. एका मुलाला स्वप्न पडले होते की आपल्या हातून आपला जिवलग दोस्त मारला गेला. त्याने त्या दोस्तालाच झाडाच्या बेचक्यात निपचित पडायला सांगितले आणि फोटो काढला. एरवी जी भीती कोणाला सांगता आली नसती, ती कागदावर आली आणि बोलण्याजोगी झाली. १९८५ मध्ये या मुलांच्या कामाचे पुस्तक निघाले. पुढे बाईंनी आपल्या गुजरातमधील एका खेड्यातल्या मुलांबरोबरही असेच काम केले.

आम्ही हा धागा नववीच्या मराठी निबंधासाठी वापरला. आमच्या वर्गातली बरीच मुले घरी उर्दू बोलतात. 'माझे घर' हा निबंध दिला की चाळीस वह्यांत एकच वाक्य येते: 'माझे घर लहान पण सुंदर आहे.' ते गाइडमधले असते. म्हणून या वेळी आधी फोटो आणि मग निबंध, असे ठरवले. अटी तीनच. फोटो पाचच काढायचे. कॅमेऱ्याकडे पाहून कोणी हसायचे नाही. आणि ज्याचा फोटो काढायचा, त्याची इजाजत आधी घ्यायची.

कोणी दारातल्या चपला काढल्या, कोणी दोरीवरच्या कपड्यांची सावली. वर्गात फारशी न बोलणाऱ्या एका मुलीने ईदच्या संध्याकाळचा फोटो आणला. मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवलेला, 'प्रो' मोडमध्ये शटर एक सेकंद उघडे. शटर इतका वेळ उघडे राहिले की हलणारी माणसे पुसट होतात आणि स्थिर बसलेले माणूस स्पष्ट उमटते. शीरखुर्म्याचे वाडगे घेऊन ये-जा करणारे सगळे धुरासारखे आले होते. मधोमध पलंगावर बसलेल्या दादी तेवढ्या स्पष्ट दिसत होत्या.

खाली तिने स्वतःच्या मराठीत लिहिले होते: 'ईदला घर भरते असे सगळे म्हणतात. भरलेल्या घरात दादीशी कितीजण बसून बोलले ते मी मोजले. दोघे. त्यात एक मी.'

मुलीच्या अम्मी शाळेत आल्या. "सर, हा फोटो भिंतीवर लावू नका. लोक म्हणतील, या घरात म्हाताऱ्या माणसाला कोणी विचारत नाही." त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते, दिवसभर राबणाऱ्या त्याच होत्या आणि फोटोत त्याही धुरासारख्याच आल्या होत्या. फोटो आम्ही लावला नाही. फक्त खालच्या ओळी त्यांना वाचायला दिल्या. त्यांनी त्या दोनदा वाचल्या. म्हणाल्या, "घरी हे बोलली नाही कधी." कागद घडी करून त्यांनी पर्समध्ये ठेवला.

पालकांनो, मुलाने पुसट, वाकडा किंवा काळोखातला फोटो दाखवला तर लगेच "बिघडला, डिलीट कर" म्हणू नका. "हा असा का काढलास?" असे विचारा आणि उत्तराची वाट पाहा. कदाचित ते फक्त गंमत म्हणून काढले असेल. तेही चांगलेच आहे. कधी त्यामागे दादीची काळजी असेल, परदेशी गेलेल्या अब्बांची आठवण असेल, नाहीतर परीक्षेची धास्ती. एकाच तऱ्हेचे उदास फोटो पुन्हा पुन्हा येत असतील तर रागावू नका, जवळ बसवून बोला आणि वर्गशिक्षकांच्याही कानावर घाला.

आणि एक गोष्ट पाळा. मुलाने विश्वासाने दाखवलेला फोटो त्याला न विचारता स्टेटसला किंवा खानदानाच्या ग्रुपवर टाकू नका. इजाजतीची अट मुलांना आहे, तशी ती आपल्यालाही आहे.