फ्यूज उडाला, बरं झालं!

हॉस्टेलमध्ये फ्यूज उडाला की काय होतं? कुणीतरी किटकॅटमध्ये जाड तार कोंबतो आणि "आली रे लाईट!" म्हणून जल्लोष होतो. माझ्या मते ही शुद्ध आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी! फ्यूज हा रोग नाही, रोगाची बातमी आहे.

मुरबाड-शहापूरकडे आषाढी जवळ आली की दिंडीसोबत जायला एखादा जुना मॅटाडोर तयार होतो. आत अंथरुणं, शेगडी, सिलिंडर, दिवे, पंखा. चाकांवरचं घरच ते! वायरिंग मात्र पंचवीस वर्षांचं. पत्र्याच्या भोकात घासून वायर उघडी पडते, बॉडीला टेकते, आणि बॉडी तर बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेली. तिथे जाड तार घातली तर फ्यूजऐवजी वायर पेटेल, आणि शेजारी सिलिंडर!

शहापूरचा एक ऑटो-इलेक्ट्रिशियन काय करतो? सगळे दिवे-पंखे बंद करून फ्यूजच्या जागी इंडिकेटरचा 12 व्होल्ट, 21 वॉटचा बल्ब लावतो. शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो, पण करंट पावणेदोन अँपिअरच्या आसपासच राहतो. मग एकेक फाटा सोडवत जायचं. ज्या फाट्याला बल्ब विझला, चोर तिथेच!

ओहमचा नियम आपल्यालाही पाठ आहे. पण प्रॅक्टिकलला कनेक्शन तयार, रीडिंग ठरलेलं, जर्नल पूर्ण. बिघाड शोधायला कोण सांगतं? सर, दर सेमिस्टरला एक तरी मुद्दाम बिघडवलेला बोर्ड द्या. चार मार्क गेले तरी चालतील, पण तार कोंबणारे इंजिनीअर नकोत!