आमदारांचे निवेदन आणि मलकापूरचा तरुण

विधिमंडळाचे अधिवेशन आटोपले की आमदार मतदारसंघात परततात आणि थोड्याच दिवसांत एखाद्या मंगल कार्यालयात किंवा भर बाजारपेठेत त्यांचे जनतेपुढे निवेदन होते. शाहूवाडी तालुक्यात अशा सभेला मलकापूरइतके सोयीचे दुसरे गाव नाही. एकेकाळी विशाळगडच्या जहागिरीचे हे मुख्य ठाणे होते. आज कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावरची ही छोटी नगरपालिका म्हणजे आंब्याच्या घाटापर्यंत विखुरलेल्या वाड्यावस्त्यांची बाजारपेठ आहे. दाखल्यासाठी, औषधासाठी, बी-बियाण्यासाठी आणि मुंबई-पुण्याची एस.टी. गाठण्यासाठी माणसे येथेच उतरतात. तेव्हा मलकापुरात आमदार काय बोलतात आणि काय बोलत नाहीत, याला महत्त्व आहे.

या निवेदनाचा साचा आता महाराष्ट्रभर ठरून गेला आहे. प्रथम निधीचे आकडे, मग रस्ते, साकव आणि सभामंडप यांची यादी, त्यानंतर सरकारी योजनांची नावे आणि शेवटी ‘युवकांसाठी संधी’. शाहूवाडीतून २०१४ मध्ये सत्यजित पाटील सरूडकर विधानसभेवर गेले, २०१९ आणि २०२४ मध्ये विनय कोरे गेले. पक्ष निरनिराळे, माणसे निरनिराळी. येथे कोणा एकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचे प्रयोजन नाही, कारण दोष रीतीचा आहे आणि ती रीत सर्व पक्षांनी मिळून रूढ केली आहे.

आमदाराच्या स्थानिक विकास निधीचेच पाहावे. २०२२ पासून ही रक्कम वर्षाला ५ कोटी रुपये झाली. सभेत तिचा पै-पैचा हिशेब सांगितला जातो आणि तो सांगितलाच पाहिजे. परंतु ज्या सभागृहात आमदार बसतात, त्याने २०२५-२६ या वर्षासाठी सुमारे ७ लाख कोटी रुपयांच्या खर्चाचा अर्थसंकल्प मंजूर केला. त्या मंजुरीत आमदाराचे मत असते. शिक्षणावर किती, आरोग्यावर किती, नोकरभरती का अडली, कोणत्या विधेयकाला पाठिंबा दिला आणि कोणत्या लक्षवेधीच्या वेळी आपण सभागृहात होतो, याबद्दल चकार शब्द निघत नाही. ५ कोटींचा हिशेब देणारा लोकप्रतिनिधी ७ लाख कोटींबाबत मौन पाळतो आणि मतदारांनाही त्यात काही वावगे वाटत नाही. लोकप्रतिनिधी म्हणजे गावाला गटार मिळवून देणारा मुकादम, ही समजूत अशीच पक्की होत गेली.

आता ‘युवकांच्या संधी’कडे वळावे. राज्य शासनाने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी उत्तीर्णाला महिना ६ हजार, औद्योगिक प्रशिक्षण वा पदविका घेतलेल्याला ८ हजार आणि पदवीधराला १० हजार रुपये विद्यावेतन ठरले. मुदत सहा महिन्यांची होती. पुढे ती अकरा महिने झाली. खेड्यातल्या शाळेत, ग्रामपंचायतीत, सरकारी कचेरीत मुले-मुली रुजू झाली. अनेकांच्या घरात तो पहिलाच ठरावीक पगार. ज्या घराला दर महिन्याला रोख रकमेची ओढाताण असते त्या घरात ६ हजार रुपयांचे मोल काय असते, हे शहरातल्या टीकाकारांनी विसरू नये. पण मुदत संपली आणि त्याच मुलांना घरी बसावे लागले. त्यांनी ठिकठिकाणी आंदोलने केली. त्यांचा प्रश्न साधा होता: काम शिल्लक आहे, ते आम्हाला येते, मग आम्ही घरी का? ज्या जागेवर कायम कर्मचारी हवा तेथे शिकाऊ बसवायचा आणि अकरा महिन्यांनी तो बदलायचा, याला प्रशिक्षण म्हणायचे की वेतनाची बचत?

ही बचतीची वृत्ती नवी नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये शासनाने नऊ खासगी कंपन्यांमार्फत कंत्राटी भरती करण्याचा निर्णय काढला होता. राज्यभर संताप उसळला तेव्हा ऑक्टोबरात तो मागे घ्यावा लागला. त्याच वर्षीच्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी १० लाखांहून अधिक अर्ज आले. म्हणजे एका जागेमागे दोनशेहून जास्त उमेदवार. खुल्या वर्गातील उमेदवाराला अर्जासाठी १ हजार रुपये आणि राखीव वर्गातील उमेदवाराला ९०० रुपये मोजावे लागले. बेकाराकडूनच शुल्क घेऊन बेकारांची रांग लावण्याचा हा प्रकार. भात आणि नाचणीच्या तुकड्यावर जगणाऱ्या डोंगरकपारीतल्या कुटुंबाने ते हजार रुपये कोठून उभे केले असतील?

या तालुक्याचा तरुण पूर्वी संधीची वाट पाहत नव्हता; तो मुंबई गाठत होता. कोल्हापूरच्या पश्चिमेकडील डोंगराळ पट्टा, सातारा आणि कोकण यांनी मुंबईच्या गिरण्यांना पिढ्यान् पिढ्या माणसे पुरवली. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतील असंख्य पुन्हा आत गेलेच नाहीत. गिरणी मोडली तशी गावाकडे येणारी मनिऑर्डरही आटली. आज त्याच घरांतला नातू पुण्याच्या कारखान्यात ठेकेदाराच्या हजेरीपटावर आहे. आजोबांच्या मागे निदान युनियन होती. नातवाजवळ तीही नाही.

वास्तविक, रोजगाराचा विचार ‘संधी’ म्हणून नव्हे तर हक्क म्हणून करण्याची परंपरा याच महाराष्ट्राची आहे आणि ती येथून फार दूर जन्मलेली नाही. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात रोजगार हमीचा पहिला प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळाने त्या विचाराची कसोटी पाहिली. १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम मागणाऱ्याला पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारभत्ता, अशी त्याची भाषा होती. त्याच्या खर्चासाठी शहरांतल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसला आणि शहराने तो दिला. केंद्राने २००५ मध्ये केलेल्या कायद्यामागे हाच अनुभव होता. अंमलबजावणीत गैरप्रकार झाले, मजुरी थकली, हे सर्व खरे. पण मजूर तहसीलदारासमोर उभा राहून ‘काम द्या’ म्हणू शकत होता. शिकलेल्या तरुणाच्या वाट्याला मात्र मेळावा येतो. नाव नोंदवायचे, रांगेत उभे राहायचे आणि फोनची वाट पाहायची.

लोकप्रतिनिधीकडून याहून वेगळी अपेक्षा करणे म्हणजे भाबडेपणा नव्हे. घाट उतरला की रत्नागिरी जिल्हा लागतो. कोकणातील राजापूर मतदारसंघाने १९५७ पासून नाथ पै यांना आणि १९७१ पासून १९९१ पर्यंत मधु दंडवते यांना लोकसभेत पाठवले, ते देशाच्या प्रश्नावर त्यांनी काय भूमिका घेतली हे ऐकण्याची सवय असलेल्या मतदारांनी. सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा निवडून आले आणि एस.टी.ने फिरत राहिले. मतदार त्यांना वाटेत गाठून जाब विचारू शकत होता, हे त्या साधेपणाचे खरे मोल.

आमदाराला परत बोलावण्याची तरतूद आपल्या राज्यघटनेत नाही. म्हणून कार्यकर्त्यांवरचे काम वाढते. पुढच्या सभेत टाळ्या आणि घोषणा यांत वेळ न दवडता प्रश्न लेखी द्यावेत. तालुक्यातील शाळा, आरोग्य केंद्रे आणि महसूल कार्यालये यांत मंजूर पदे किती आणि रिक्त किती? प्रशिक्षण योजनेत तालुक्यातून किती जण गेले आणि त्यांपैकी किती जणांना पुढे काम मिळाले? रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या चौपदरीकरणात येथील किती मुलांना काम मिळाले आणि किती दराने? या विषयांवर तारांकित प्रश्न विचारला का, आणि मंत्र्यांचे उत्तर काय? माहितीच्या अधिकाराखाली यातले बरेच आकडे आधीच मिळवता येतील. ते हातात असले म्हणजे गोलमाल उत्तराला जागा राहणार नाही.

आणि ही सभा गणपतीच्या दिवसांत मागावी. तेव्हा पुण्या-मुंबईची मुले गावी असतात; ज्यांच्या संधीबद्दल बोलले जाते ती एरवी सभेला हजर नसतात.