हिरव्या मुलखांतील भूक

"गुरुजी, आमच्या तालुक्यांत शंभर इंच पाऊस पडतो. येथें कसला आला आहे दुष्काळ? तो पाहावयाचा असेल तर नगरास जा, सोलापुरास जा." मागील हिवाळ्यांत नऊ विद्यार्थ्यांस बरोबर घेऊन आम्ही सायकलींवर निघण्याच्या बेतांत असतां एका पालकांनीं आम्हांस असें विचारलें. आम्ही तेव्हां नुसते हंसलों व निघालों. परंतु प्रश्न मनांत राहिला. चार दिवस आसनगांवाहून शहापूर, किन्हवली, सरळगांव, मुरबाड व टोकावडें असे हिंडत माळशेज घाटाच्या पायथ्यापर्यंत जाऊन आल्यावर त्याचें उत्तर देणें आतां आम्हांस अवश्य वाटतें.

त्या गृहस्थांचें म्हणणें पुस्तकी दृष्टीनें खोटें नाहीं. १८७६ ते १८७८ च्या महादुष्काळांत मुंबई इलाख्यांतील जे जिल्हे होरपळले ते घाटावरचे : खानदेश, नाशिक, नगर, पुणें, सातारा, सोलापूर व त्यांच्या दक्षिणेकडील कानडी मुलूख. सर रिचर्ड टेंपल ह्यांनीं १८७७ सालीं दुष्काळी कामांवरील मजुरी उतरवून दिवसास एक पौंड धान्य व वर थोडेसे पैसे इतक्यावर आणली. तेव्हां हजारों मजुरांनीं कामें सोडलीं व पुण्याच्या सार्वजनिक सभेनें सरकारकडे तक्रारींवर तक्रारी लिहिल्या. हा सर्व इतिहास देशावरचा आहे. ठाणें जिल्ह्यास त्यांत मानाचें पान नाहीं, आणि असल्या पंक्तींत मानाचें पान कोणास हवें आहे?

पण पाऊस उदंड म्हणून भूक नाहीं, हा न्याय आयर्लंडाच्या इतिहासापुढें टिकत नाहीं. तो देशही ओलाच. कुरणें बाराही महिने हिरवीं. तेथें १८४५ सालीं बटाट्यावर करपा पडला व तो वर्षानुवर्षें हटेना. गरीब कुळांचा निर्वाह एकट्या बटाट्यावर होता; शेतांत धान्य पिके, पण तें खंडापोटीं जमीनदाराकडे जाई व तेथून जहाजांत चढे. सुमारें दहा लक्ष माणसें मेलीं आणि तितकीं किंवा त्याहून अधिक देश सोडून गेलीं. १८४१ च्या खानेसुमारींत त्या देशाची वस्ती सुमारें ८२ लक्ष होती, ती १८५१ मध्यें सुमारें ६५ लक्षांवर आली. (त्या आपत्तींत कलकत्त्यास वर्गणी जमवून आयर्लंडास पाठविली गेली होती, हें आमच्या मुलांस ऐकून मोठें नवल वाटलें.) आभाळानें तेथें कांहींच हात आंखडला नव्हता. एक पीक बुडालें. बाकीचें काम जमिनीच्या मालकीनें व राज्यकर्त्यांच्या अर्थशास्त्रानें केलें.

हें ध्यानांत घेऊन आपल्या दोन तालुक्यांकडे पाहावें. येथें भूक पावसाच्या अभावानें येत नसे, ती पावसाबरोबरच येई. आषाढ-श्रावणांत कणग्या रित्या होत, भात अजून शेतांत हिरवा असे, ओढ्यांना पूर येऊन वाटा बंद पडत, आणि ठाकर, कातकरी किंवा महादेव कोळी कुटुंबानें सावकाराच्या दारीं खावटीसाठीं उभें राहावें. घेतलेलें धान्य कापणीनंतर वाढीनें फेडावयाचें. न फिटलें तर अंगमेहनतीनें. लग्नासाठीं काढलेल्या कर्जांत माणूस वर्षानुवर्षें मालकाच्या घरीं राबे. सायमिंग्टन नांवाच्या अधिकाऱ्यानें १९३९ च्या सुमारास मुंबई सरकारास सादर केलेल्या अहवालांत ह्या वेठीचें जें वर्णन आहे, तें आमच्या मुलांनीं वर्गांत वाचलें तेव्हां वर्गांत कोणी बोललें नाहीं.

भुकेच्या दिवसांचें दुसरें कोठार म्हणजे रान. १८७८ च्या जंगल कायद्यानें त्या कोठारास कुलूप बसूं लागलें. भाताच्या रोपांसाठीं राब भाजावयास टहाळ तोडणें हाही गुन्हा ठरूं लागला. ओरड इतकी झाली कीं १८८५ सालीं सरकारास ठाणें व कुलाबा जिल्ह्यांसाठीं जंगल कमिशन नेमावें लागलें. ह्या गोष्टीस कोणी दुष्काळ म्हणत नाहीं. पावसाचें माप भरलें, आणेवारी ठीक आली, कीं दप्तरांत तें वर्ष सुकाळाचें.

म्हणूनच दप्तराबाहेर विचारीत हिंडावें लागतें, आणि त्यास सायकलीसारखें वाहन नाहीं. मोटारींतून उतरणाऱ्या पाहुण्यास लोक खुर्ची देतात व चहा देतात, गोष्ट सांगत नाहींत. आमच्या एका विद्यार्थ्याची सायकल किन्हवलीच्या पुढें दोनदां पंक्चर झाली. तीं दोन पंक्चरें आमच्या सफरीची मोठी कमाई होत. चाक काढून बसलों असतां एका वाडींतील वृद्ध बाई पाहावयास आल्या व मुलांच्या शेजारीं बसल्या. कडू कंद कसा खावा हें त्यांनीं हातवारे करून सांगितलें : पातळ चिरावा, राख लावून उकडावा, मग टोपलींत घालून वाहत्या ओढ्यांत रात्रभर ठेवावा, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां उकडावा. घाई केली तर घसा धरतो. "पोरं रडायचीं, पन ओढ्याला घाई नाय करतां येत," असें त्या म्हणाल्या. आमच्या पाठ्यपुस्तकांतील दुष्काळाच्या धड्यांत इतकें ज्ञान आम्हांस आढळलें नाहीं. १९७२ च्या साठवणी तर अनेकांजवळ निघाल्या : परदेशांतून आलेली लाल मिलो ज्वारी, शाळेंत वाटलेली सुकडी, घाटावरून गुरें घेऊन उतरलेलीं माणसें. त्याच दुष्काळाच्या कामांतून पुढें महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली व तिला १९७७ सालीं कायद्याचें रूप आलें.

आणि हें सर्व जुनें झालें असें समजूं नये. १९९२ सालीं तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील वावर-वांगणी येथें कुपोषणानें मुलें दगावलीं. तानसा तलाव १८९२ पासून मुंबईस पाणी देतो, आणि मुंबईच्या पाण्याचा जवळजवळ अर्धा वाटा आज एकट्या भातसेचा आहे. हे दोन्हीं जलाशय शहापुरांतले, आणि त्याच शहापुरांतल्या पाड्यांना चैत्र-वैशाखांत टँकरची वाट पाहावी लागते.

आयर्लंडांत ह्या कामीं एक अनुकरणीय गोष्ट घडली. तेथील लोककथा-मंडळानें १९३७ ते १९३९ ह्या काळांत सुमारें पांच हजार प्राथमिक शाळांतील मुलांस वह्या दिल्या व घरच्या-गांवच्या वृद्धांकडून जुन्या हकीकती लिहून आणण्यास सांगितलें. सुमारें पन्नास हजार मुलांनीं हें काम केलें; त्यांत महादुष्काळाच्याही पुष्कळ आठवणी आहेत. तीं मुलें अकरा ते चौदा वर्षांचीं होतीं, म्हणजे आमच्या पांचवी ते आठवीच्या वर्गांतलीं. आमचें स्पष्ट मत आहे कीं, हें काम शहापूर व मुरबाडांतील प्रत्येक शाळेनें हातीं घ्यावें. आणि गुण मिळत नाहींत ह्या सबबीवर तें टाळूं नये.

"काळे दिवस उकरून मुलांच्या मनावर कशाला ओझें?" असा दुसरा आक्षेप येतो. तो बहुधा आमच्याच समाजांतून येतो, व त्याचें कारण आम्हांस ठाऊक आहे. आयर्लंडांत कांहीं प्रचारकांनीं उपाशी माणसास सूप देतांना धर्मांतराची अट घातली. तें घेणारांस पिढ्यान्‌पिढ्या टोमणे ऐकावे लागले. आपल्याकडे तोच टोमणा 'भाताचे ख्रिस्ती' ह्या शब्दांनीं मारला गेला. नगर जिल्ह्यांत दुष्काळांच्या मागोमाग ख्रिस्ती मंडळ्या वाढल्या हें सत्य आहे. लपवून तें खोटें होणार नाहीं. पण ज्यांचे आईबाप स्वतः दुष्काळांत गेले त्या पंडिता रमाबाईंनीं १८९७ व १९०० सालीं शेकडों अनाथ मुलींस केडगांवीं आसरा दिला, हेंही तितकेंच सत्य आहे. दोन्हीं सत्यें मुलांस एकाच दिवशीं सांगावींत.

आमच्या पणजीबाई १९०० सालीं, पांच-सहा वर्षांच्या असतां, नगर जिल्ह्यांतून एका मिशनच्या अनाथालयांत आल्या. आमच्या घरीं ही गोष्ट आम्हीं पस्तिशी ओलांडीपर्यंत कोणीं काढली नाहीं. एका लग्नांत एका आत्याबाईंच्या तोंडून ती सहज निसटली. त्यांना आपल्या आईबापांचीं नांवें सांगतां येत नव्हतीं. अनाथालयानें दिलेलें नांव त्यांनीं जन्मभर वागविलें, आणि ताटांत शीत राहिलें तर त्या नातवंडांवर हात उगारीत. त्या रागाचें कारण नातवंडांस कधीं कळलें नाहीं. तें कळणें हें ओझें, कीं न कळणें, ह्याचा पालकांनींच विचार करावा.

चार दिवसांच्या टिपणांची वही शाळेच्या वाचनालयांत ठेविली आहे. पुष्कळ पानें कोरीं आहेत. दिवाळीनंतर डोळखांब व शेणवें ह्या बाजूस जाण्याचा बेत आहे. त्यास अजून तीन सायकली कमी पडतात. ज्या पालकांच्या घरीं सायकल पडून असेल त्यांनीं चार दिवसांसाठीं ती द्यावी, चाकांत हवा आम्ही भरूं. आणि ज्यांना सायकल देतां येत नसेल त्यांनीं त्याआधीं एखाद्या रात्रीं, जेवणें झाल्यावर, घरांतील सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ मुलास बसवून त्याच्या हातीं पेन्सिल द्यावी.