ओंजळीएवढ्या जिवाचे दुखणे

आमच्या घरच्या गिनीपिगने खाणे टाकले, लघवीत रक्त दिसले. “उंदीरच तो, जाऊ द्या,” शेजारी म्हणाले. आम्हाला ते पटले नाही.

एक्स-रे फोटोत मूत्राशयात खडा निघाला. ऑपरेशनचा खर्च आठवड्याच्या पगाराएवढा! पंख्यासाठी साठवलेले पैसे एका रात्रीत मोडले. कोल्हापुरात जमले नसते तर शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात (स्थापना १९८८) न्यायची तयारी होती.

भगिनींनो, या प्राण्याचे पोट सतत चालते राहावे लागते. दिवसभराचा उपासही जिवावर बेततो. त्याला उलटी होत नाही, म्हणून ऑपरेशनआधीही माणसासारखे उपाशी ठेवत नाहीत. नंतर दर दोन-तीन तासांनी सिरिंजने पातळ भरडा, अंगाला ऊब, आणि रोज वजन. रात्रपाळीहून आलेला माणूस पहाटेचा भरडा देई.

मेडिकलमधून मनाने गोळी मात्र आणू नका. पेनिसिलिनच्या जातीचे औषध पोटात गेले तर आतड्यातले उपयोगी जंतू मरून हा दगावू शकतो. माणसासारखेच त्याच्या अंगात क जीवनसत्त्व तयार होत नाही. पेरूची फोड, ढबू मिरची रोज हवी. चुना जास्त असलेला लसूणघास मोठ्या जनावराला रोज नको.

टाके वाळलेत. काल वजन ८०० ग्रॅम भरले. ढबू मिरची चिरायला घेतली की शिट्टी घालतो.