टेबल कुणाच्या नावावर?

भाची बारावी पास झाली. उचगावात बहीण राहते, तिची पोरगी. निकालाच्या दिवशी पेढे घेऊन गेलो तर म्हणाली, "मामा, पेढे राहू देत. मला पास्ता खायचाय. गाड्यावरचा नको. खुर्चीवर बसून, काट्या-चमच्यानं."

काट्या-चमच्यानं! तिच्या आज्याला हॉटेलाच्या बाहेर उकिडवं बसून चहा प्यावा लागायचा. कान तुटलेला कप वळचणीला खोचलेला असायचा. तो आपणच काढायचा, वरून ओतलेला चहा प्यायचा, आपणच विसळायचा आणि परत खोचून ठेवायचा. पैसे मात्र खणखणीत, तेही लांबून टाकायचे. त्या आज्याच्या नातीला काटा-चमचा पाहिजे. मला बरं वाटलं. पाहिजेच! काटा पाहिजे, सुरी पाहिजे, मांडीवर टाकायला कागदी रुमालसुद्धा पाहिजे. चैन ही काय फक्त त्यांच्याच बापाची?

निघालो दोघं.

उचगाव आता धड गाव नाही आणि धड शहर नाही. एका अंगानं पुणे-बेंगळूर हायवे, दुसऱ्या अंगानं हुपरीचा रस्ता, पलीकडं गोकुळ शिरगावची एमआयडीसी, उजळाईवाडीचं विमानतळ. हायवेवरच्या चौकाचं नावच मुळी 'तावडे हॉटेल'. संध्याकाळी फौंड्रीतून सुटलेली पोरं चायनीजच्या गाड्याभोवती उभी असतात. मला हे गाडे आवडतात. जाळ भडकलेला, कढई वाजतेय, आणि गाडेवाला एकच विचारतो, "हाफ का फुल?" त्याच्या जगात दोनच जाती. हाफ आणि फुल. कुणाचा बाप कोण, हे त्याच्या कढईला ठाऊक नाही.

पण भाचीला बसून खायचं होतं. म्हणून शहरात गेलो. हॉटेलाचं नाव सांगत नाही, सांगून उपयोग नाही. बाहेर मोठी पाटी. पास्ता, पिझ्झा, मेक्सिकन, थाई, लेबनीज. अख्खा जगाचा नकाशा. दाराशी रांग आणि रांगेच्या तोंडाला एक पोरगा वही घेऊन उभा. टेबल रिकामं झालं की नावानं हाक मारणार. आमचा नंबर आला.

"नाव?"

मी तोंड उघडतोय तोवर भाची म्हणाली, "पाटील. दोन जण."

मी तिच्याकडं बघत राहिलो. तिनं माझं कोपर दाबलं. "मामा, गप ऱ्हावा. असं सांगितलं की टेबल लवकर मिळतंय."

दोस्तहो, त्या वहीवाल्या पोरानं आमचा काही अपमान केला नाही. त्यानं 'कांबळे' लिहून घेतलं असतं आणि त्याच नंबरावर हाक मारली असती, हेही शक्य आहे. कदाचित तो आपल्यातलाच असेल. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार याहून भयंकर आहे. आता अपमान करायला समोर कुणी लागतच नाही. आपण तो घरूनच डब्यात भरून नेतो.

पास्ता आला. पोरीनं झकास खाल्ला. काटा असा धरला जणू जन्मापासून धरत आली. माझ्या घशाखाली उतरेना. मला बडोदा दिसत होतं.

1917 साल. बाबासाहेब न्यूयॉर्क आणि लंडन करून बडोद्याच्या नोकरीवर आले. हिंदू हॉटेलात जागा मिळणार नाही हे माहीत होतं. म्हणून पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी दारात उभे राहिले. परदेशात राहून आपण अस्पृश्य आहोत हे ते पार विसरून गेले होते, आणि बडोद्याच्या स्टेशनावर उतरल्या उतरल्या ते पुन्हा आठवलं, हे त्यांनीच लिहून ठेवलंय. त्यांना ते नाव लावावं लागलं, कारण राहायला छप्परच नव्हतं. पुढं त्याच माणसानं स्वतःचं नाव असं लावलं की देशाला ते पुसता येत नाही. आणि आमची पोरगी शंभरावर वर्षांनी, संविधान असताना, खिशात पैसे असताना, एका टेबलासाठी दुसऱ्याचं नाव लावते! तिला दोष कसा देऊ? हे ती शाळेत शिकली नाही. जगात शिकली.

आता या 'इंटरनॅशनल' जेवणाचंही जरा बघू. आपल्याला वाटतं, परदेशी पदार्थ म्हणजे जात नसलेला पदार्थ. पास्त्याला गोत्र नाही, पिझ्झ्याला सोवळं नाही. म्हणून आपली पोरं त्याच्याकडं धावतात. यात तथ्य आहे. पण पदार्थ परदेशी झाला म्हणून टेबल परदेशी होत नाही. नाहीतर एकादशीचा फराळ बघा. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, बटाटा, शेंगदाणा, मिरची, सगळं अमेरिका खंडातून आलेलं. सोवळ्यातली खिचडी म्हणजे चक्क परदेशी डिश! आपल्या मिसळीतला पाव पोर्तुगीजांचा, तांबड्या रश्शातली मिरची त्यांच्याच गलबतांतून उतरलेली. मिरचीला समुद्र ओलांडून देवघराजवळच्या चुलीपर्यंत जाता आलं. गावकुसाबाहेरच्या माणसाला चार पावलांवरचा ओटा चढता आला नाही. मिरचीला आडनाव नव्हतं ना!

आणि परदेशी जेवण आणतं कोण? राजे-महाराजे नव्हे. कलकत्त्याच्या टांग्राचे हक्का चिनी कातडी कमवायचे. जे काम वरच्यांना विटाळाचं, ते त्यांनी केलं आणि बाजूला कढई पेटवली. 1962 च्या युद्धानंतर त्यांच्यासारख्या चिनी वंशाच्या शेकडो कुटुंबांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबलं. कलकत्त्यातच जन्मलेल्या नेल्सन वांगनं 1975 साली मुंबईत चिकन मंचुरियन काढलं असं सांगतात. उचगावच्या गाड्यावर आज ते मिळतं. कातडी कमवणाऱ्यांच्या वस्तीतली ही कढई. तिच्याशी आपलं नातं जिभेपुरतं नाही.

लांब कशाला जायचं? उचगावच्या शेजारी वळिवडे आहे. 1943 ते 1948 तिथं पोलंडचे सुमारे पाच हजार निर्वासित राहत होते. बहुतेक बायका आणि पोरं. स्टालिनच्या राजवटीनं घरातून उचलून सैबेरियाकडं फेकलेली, इराणमार्गे इथं पोचलेली. त्यांची शाळा होती, चर्च होतं, बरॅकींमधून त्यांचं जेवण शिजत होतं. ते गेले आणि फाळणीत घर गमावलेले सिंधी आले. त्याच वस्तीचं आज गांधीनगर झालंय. कोल्हापूरनं दोन्ही वेळा दार उघडलं. चांगलं केलं. त्याची आठवण महावीर उद्यानात उभी आहे, वॉर्सामध्येही कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. मला एवढंच विचारायचंय: पोलंडची पोरं इथं स्वतःच्या नावानं राहिली, स्वतःच्या नावानं जेवली. त्याच वर्षांत शेजारच्या गावांतला आमचा आजा मात्र फुटका कप विसळत होता. पाहुण्याला जागा आणि घरच्याला वळचण, हा कुठला हिशेब?

नावाचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो. जून 2025 मध्ये इटलीतल्या मिलानला प्राडा कंपनीनं कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही. केवढा गहजब झाला! आमची चप्पल, आमचं नाव! शेवटी कंपनीला कबूल करावं लागलं. बरोबरच झालं. पण चपलेच्या नावासाठी भांडणारं हे शहर, ती चप्पल शिवणाऱ्याच्या पोरीला हॉटेलाच्या दारात स्वतःचं आडनाव बिनधास्त सांगता यावं म्हणून कधी भांडलं? चपलेला अस्मिता आहे, माणसाला नाही?

आमच्या ताटाचंही तसंच. जगभरच्या मेनूत स्टेक हा मोठ्या लोकांचा खाना. तेच मांस आमच्या वस्तीत उन्हात वाळलं की चान्या, आणि चान्या म्हटलं की नाकाला रुमाल. 2015 च्या कायद्यानं महाराष्ट्रात बैलाचं मांसही गुन्हा झालं. त्याच साली शाहू पाटोळ्यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' आलं आणि आपल्या चुलीला पुस्तकाचा मान मिळाला. पुस्तकात आली, हॉटेलाच्या पाटीवर कधी येणार? जगातलं सगळं मिळेल म्हणणाऱ्या पाटीवर आमच्या वस्तीतली वजडी का नाही? वस्ती जगात मोडत नाही का?

मग चांगलं हॉटेल कुठलं? त्याचं माप कोल्हापूरनंच घालून दिलंय. गंगाराम कांबळे. संस्थानच्या पागेतला नोकर. पाण्याच्या हौदाला शिवला म्हणून सवर्ण नोकरांनी त्याला बेदम मारलं. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामला म्हटलं, धंदा काढ. भाऊसिंगजी रोडवर त्यानं चहाचं हॉटेल काढलं. 'सत्यसुधारक'. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार? गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा राजाची गाडी तिथं थांबायला लागली. राजा चहा प्यायचा आणि बरोबरच्यांनाही पाजायचा.

राजा थोर होताच. पण मला आठवतो गंगाराम. त्यानं 'पाटील' नाव लावून दुकान काढलं नाही. ज्या नावानं मार खाल्ला त्याच नावानं किटली चढवली. चहा आसामचा होता की चीनचा, कुणी विचारलं नाही. प्रश्न कपाचा होता, आणि कप सगळ्यांना एकच होता. तेच चांगलं हॉटेल. बाकी मेनू नंतर बघू.

परतताना उचगावच्या पुलाखाली भाचीला हे सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मामा, पण खरं नाव सांगितलं आणि टेबल नाहीच मिळालं तर?"

प्रश्न तिचा एकटीचा नाही, तुमचाही आहे. माझं उत्तर असं. पास्ता खा, मोमो खा, शोर्मा खा, जगातलं सगळं खा. ते आपलंच आहे, कष्टकऱ्यांनीच ते जगभर फिरवलंय. फक्त दारात वही घेऊन पोरगा उभा असला की आडनाव मोठ्यानं सांगा. रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं. टेबल मिळालं तर ऐटीत बसा. नाही मिळालं तर तिथंच उभे राहा आणि का नाही ते विचारा. एकट्याला जमत नसेल तर दहाजण जा. पुढच्या रविवारी भाची आणि मी त्याच दारात जाणार आहोत. वहीत 'कांबळे, दोन जण' लिहायचंय. दोनाचे वीस झाले तर आणखी बरं.