अनपेक्षित? कुणाला?

‘अनपेक्षित अडचणीमुळे प्रोग्राम बंद होत आहे.’ हे सुभाषित गेल्या आठवड्यात मी अकरा वेळा वाचलं. पहिल्यांदा अनपेक्षित, कबूल. दुसऱ्यांदा योगायोग, चला, तेही कबूल. पण अकराव्यांदा? अहो, अकराव्यांदा तर मी चहाचं आधण ठेवूनच लेख उघडला होता!

प्रसंग साधा. एक वाक्य खोडायचं होतं. डिलीट दाबलं, आणि वाक्यामागोमाग लेख, लेखामागोमाग अख्खी खिडकी मोक्षाला गेली. माझ्या ‘सडेतोड’खाली लाल रेघ ओढण्याइतका हा प्रोग्राम विद्वान, पण दहा मिनिटं स्वतःच्या पायावर उभं राहायचं म्हटलं, की घेरी येते.

मदतकेंद्राला फोन केला. ‘मॅडम, रीस्टार्ट करून बघितलंत?’ बघितलं हो. मग सुरू झालं उपनिषदातलं नेति नेति. सेफ मोडमध्ये उघडा, म्हणजे ॲड-इन वगैरे भालदार-चोपदार दाराबाहेर. उघडला, पडला. मूळ टेम्प्लेटचं नाव बदला, म्हणजे तो नवं कोरं बनवील. बदललं, पडला. लेखाची फाइलच किडली असेल, मजकूर नव्या फाइलीत चिकटवा. चिकटवला, चिकटवतानाच पडला.

गुन्हेगार कोण निघाला? प्रिंटर.

हसू नका. पानावर ओळ कुठे मोडायची, हे ठरवताना असे काही प्रोग्राम डीफॉल्ट प्रिंटरच्या ड्रायव्हरचा सल्ला घेतात. आमचा डीफॉल्ट प्रिंटर मी दोन वर्षांपूर्वी भंगारवाल्याला किलोवर घातला. ड्रायव्हर मात्र संगणकात जागच्या जागी, अतृप्त. मी एखादा स्वल्पविराम हलवला, की हे महाशय त्या पिशाच्चाला विचारायला जाणार, ‘ओळ कुठे मोडू?’ पिशाच्च काही बोलेना, आणि यांना भोवळ. तो ड्रायव्हर यादीतून काढला, पिंडाला कावळा शिवला, आणि माझं वाक्य एकदाचं खोडलं गेलं.

एवढा शोध लावला कुणी? मी. कुणाच्या वेळात? माझ्या. आणि प्रोग्रामचे पैसे भरले कुणी? जाऊ दे.

पण तो ‘अनपेक्षित’ शब्द काही घशाखाली उतरत नाही. जरा सेटिंग्जमध्ये डोकावा. दर 10 मिनिटांनी रिकव्हरीसाठी प्रत काढायची, अशी खूण आपण हात लावण्यापूर्वीच केलेली. सेफ मोड आयता बांधलेला. रिपेअरचं बटण हजर. पडल्यावर पाठवायच्या अहवालाचा फॉर्मसुद्धा तयार! लग्नपत्रिकेलाच काडीमोडाचा कागद टाचून पाठवणारा वधूपिता पुढे ‘असं होईल वाटलं नव्हतं हो’ म्हणाला, तर मांडवातलं शेंबडं पोरही हसेल. यांनी पडण्याची पूर्वतयारी जितकी नेटकी केलीय, तितकी उभं राहण्याची केली असती, तर हा लेख लिहायची वेळच आली नसती.

तेव्हा वाचकहो, दोन कामं आजच करा. रिकव्हरी म्हणजे सेव्ह नव्हे. परिच्छेद संपला की कंट्रोल-एस दाबा. आणि सेटिंग्जमधल्या त्या 10 च्या जागी 1 लिहा. प्रोग्राम अजिबात हुज्जत घालणार नाही. आपला भरवसा नाही, हे त्याला तुमच्याआधीपासून ठाऊक आहे.