पंचनाम्याआधीं निकाल नको

यंत्र बिघडलें कीं तें उघडलेंच पाहिजे, अशी समजूत आपल्या शेतकरी वर्गांत दृढ झाली आहे. पंप पाणी ओढीनासा झाला किंवा ट्रॅक्टरची लिफ्ट नांगर उचलीनाशी झाली, कीं मिस्त्री बोलवावयाचा, त्यानें सर्व भाग गोणपाटावर पसरावयाचे, आणि मग बिघाड शोधावयाचा, असा उलटा क्रम सर्वत्र चालू आहे. आमच्या मतें हा क्रम नुसता खर्चाचा नव्हे, तर अन्यायाचाही आहे. आमचें आयुष्य महसुलाच्या दप्तरांत गेलें. तेथें एक गोष्ट आम्ही शिकलों ती ही, कीं पंचनाम्यावांचून निकाल द्यावयाचा नाहीं. जागेवर जावें, चतुःसीमा लिहून घ्याव्या, शेजाऱ्यांचे जबाब घ्यावे, आणि मगच फेरफाराला हात घालावा. यंत्रासही हाच न्याय लागूं पडतो.

याच्या पुष्ट्यर्थ आम्ही एक परदेशचें उदाहरण घेतों. अमेरिकेंत शेतकऱ्याची पिकप गाडी म्हणजे आपल्याकडील बैलगाडी. कडबा, खत, बीं-बियाणें, पाठीमागें जोडलेला गुरांचा गाडा, सर्व भार तिच्यावर. वीस-तीस वर्षें झालेल्या गाड्याही तेथें राबत असतात, आणि त्यांतील पुष्कळांत गियर हातानें बदलावा लागत नाहीं. पेटी तो आपण होऊन बदलते. जनरल मोटर्सनें १९३९ सालीं हायड्रामॅटिक या नांवानें ही युक्ति मोटारींत आणली. पुढें क्रायस्लरची टॉर्कफ्लाइट ७२७ (१९६२), जनरल मोटर्सची टर्बो हायड्रामॅटिक ४०० (१९६४) आणि फोर्डची सी-६ (१९६६) या पेट्या पिकप गाड्यांतून विशेष नांवाजल्या. अशी पेटी घसरूं लागली कीं “पेटी गेली, नवी बांधावी लागेल” असा निकाल तेथेंही ताबडतोब ऐकूं येतो. पेटी पुन्हां बांधणें म्हणजे मोठा खर्च. जुन्या गाडीच्या किंमतीइतकाही तो कधीं कधीं होतो. म्हणून निकाल खरा कीं खोटा, हा प्रश्न थट्टेचा नाहीं.

प्रथम ही पेटी चालते कशी, तें थोडक्यांत सांगतों. तिचें सर्व काम तेलाच्या दाबावर चालतें. इंजिनामागील टॉर्क कन्व्हर्टरांत फिरणाऱ्या तेलाच्या ओघानें शक्ति पुढें जाते. पंप तेलास दाब देतो. व्हॉल्व्ह बॉडी ही जणूं तालुक्याची कचेरी. कोणता क्लच आवळावा, कोणता पट्टा सैल सोडावा, याचे हुकूम तेथून तेलाच्या वाटेनें सुटतात. गाडीच्या वेगाची खबर गव्हर्नर देतो. इंजिनावर भार किती आहे ही खबर कांहीं पेट्यांत इंजिनाच्या शोषणावर चालणारा मॉड्युलेटर देतो, तर कांहींत कार्ब्युरेटरपासून आलेली तार किंवा दांडा. तेव्हां हुकूम चुकीचा सुटला तर दोष शिपायाचा नसून खोट्या खबरीचाही असूं शकतो, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

पंचनाम्याचें पहिलें कलम तेल. गाडी सपाट जागेवर, तेल तापलेलें, इंजिन चालू, अशा स्थितींत दांडी पाहावयाची. जनरल मोटर्स व फोर्ड यांच्या वर सांगितलेल्या पेट्यांत दांडा पार्कमध्यें ठेवतात, क्रायस्लरच्या टॉर्कफ्लाइटमध्यें मात्र न्यूट्रलमध्यें; हा भेद न कळल्यामुळें तेल विनाकारण कमीजास्त केलें जातें. तेल कमी असेल तर पंप हवा ओढतो आणि क्लच घसरतात. जास्त असेल तर फेंस होऊन तोच परिणाम होतो. तेलाचा रंग लाल असावा. काळपट होऊन जळका वास आला तर क्लच भाजले असें समजावें. दुधाळ गुलाबी दिसलें तर रेडिएटरमधील तेल थंड करण्याच्या नळींतून पाणी शिरलें आहे. खालचें तबक काढून पाहिलें असतां करड्या रंगाची बारीक पूड थोडी सांपडणें हें झिजेचें साधें लक्षण होय. परंतु धातूचे कण चमकूं लागले तर आंत कांहीं खाल्लें जात आहे, यांत शंका नाहीं.

दुसरें कलम पेटीच्या बाहेरचें. हायड्रामॅटिक ४०० व सी-६ यांच्या मॉड्युलेटरांत एक पातळ पडदा असतो. तो फाटला कीं इंजिन पेटींतील तेल ओढून जाळूं लागतें. धुराड्यांतून पांढरा धूर निघतो, जमिनीवर थेंबही न सांडतां तेल कमी होतें, आणि गियर उशीरां व हिसका देऊन बदलतो. मॉड्युलेटरची रबरी नळी काढून आंत तेल दिसलें कीं खात्री झाली. पेटी बांधण्याच्या खर्चापुढें हा लहानसा भाग कांहींच नव्हे. उलट १९८२ मध्यें निघालेल्या जनरल मोटर्सच्या ७००-आर-४ पेटींत कार्ब्युरेटरपासून येणारी तार सैल राहिली तर तेलाचा दाब कमी पडतो, गियर लवकर बदलतो, आणि चालकास गाडी मऊ चालते असें वाटत असतां आंत क्लच जळत असतात. तारेकडे न पाहतां नवी पेटी बसविली तर तीही त्याच वाटेनें जाते.

तिसरें कलम साक्षीदारांचे जबाब, म्हणजे कोणता गियर चालतो आणि कोणता नाहीं. टॉर्कफ्लाइट ७२७ चेंच पाहा. पहिला व तिसरा गियर ठीक, पण दुसऱ्यांतच घसरते, तर पुढचा पट्टा संशयित. तो पेटीबाहेरील स्क्रूनें कंपनीच्या पुस्तकांत दिलेल्या मापानें आवळतां येतो. परंतु तिसरा आणि मागचा हे दोन्ही गियर एकदम गेले, तर त्या दोहोंस सामाईक असा पुढचा क्लच दोषी, आणि तेव्हां पेटी उघडणें भाग आहे. हें तर्कशास्त्र कोणाही शाळा शिकलेल्या शेतकऱ्याच्या आवांक्यांतलें आहे. चौथें कलम दाबाचा कांटा. पेटीवर त्यासाठीं छिद्र ठेवलेलें असतें. सर्व गियरांत दाब कमी भरला तर पंप, गाळणी किंवा दाब नेमणारा व्हॉल्व्ह. एकाच गियरांत कमी भरला तर त्या वाटेवरील सील गळतो. १९९० नंतरच्या दशकांतील विजेच्या नियंत्रणाच्या पेट्यांत संगणकानें नोंदलेले दोषांक आधीं वाचावे, एवढाच फरक.

इतकें करून पेटी बांधणें अटळ ठरलें, तर तें अवश्य करावें. तेथें कंजूषपणा नको. पण बांधतांनाही बिघाडाचें मूळ शोधलेंच पाहिजे. तेल थंड करण्याच्या नळ्या धुतल्या नाहींत तर जुना कचरा नव्या पेटींत शिरतो. धातूचे कण निघाले असतील तर टॉर्क कन्व्हर्टरही बदलावा. नवे क्लच बसविण्यापूर्वीं तेलांत भिजवावे. आणि कन्व्हर्टर पंपांत पूर्ण बसल्याची खात्री झाल्याशिवाय बोल्ट आवळूं नयेत. नाहींतर पहिल्याच दिवशीं पंप फुटतो.

कोणी म्हणेल, आपल्याकडे बहुतेक पिकप हातानें गियर बदलण्याच्या, मग ही परदेशी पेटी आम्हांस कशाला? त्यास आमचें उत्तर असें, कीं ट्रॅक्टरची लिफ्टही तेलाच्या दाबावरच चालते, आणि तेथेंही तेल, गाळणी व दाब हींच तीन कलमें आधीं पाहावयाचीं असतात. शिवाय स्वयंचलित गाड्या आपल्याही रस्त्यांवर वाढत आहेत. दुसरा आक्षेप असा, कीं शेतकऱ्यानें तज्ज्ञावर विश्वास ठेवावा. तो ठेवावाच. परंतु विश्वास आणि आंधळेपणा यांत अंतर आहे. चांगल्या मिस्त्रीस प्रश्नांचा राग येत नाहीं, आणि ज्यास येतो त्याच्या हातीं पेटी देण्यापूर्वीं दहा वेळां विचार करावा.

खरी अडचण वेगळीच आहे. जुन्या पेटीचें पुस्तक कोणासही मिळत होतें. नव्या यंत्रांच्या दोषांकांची किल्ली मात्र कारखानदार आपल्या विक्रेत्यांपाशींच ठेवूं लागले. अमेरिकेंत याविरुद्ध शेतकरीच उठले. कोलोरॅडो राज्यानें २०२३ सालीं शेतीच्या यंत्रांच्या दुरुस्तीचा कायदा केला व तो १ जानेवारी २०२४ पासून अमलांत आला. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानेंही जुलै २०२२ मध्यें दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठीं समिति नेमली आणि तींत शेतीच्या अवजारांस स्थान दिलें. पण हक्क मिळाला तरी तो वापरणारा तयार पाहिजे. सातबारा वाचतां न येणाऱ्याचें शेत कायद्यानें त्याचें असूनही कसें हातचें जातें, हें आम्ही पुष्कळ पाहिलें आहे.

म्हणून आमची सूचना अशी, कीं प्रत्येक गांवच्या शेतकरी संघानें दाब मोजण्याचा एक कांटा, सभासदांच्या यंत्रांचीं दुरुस्तीचीं पुस्तकें आणि एक नोंदवही ठेवावी. यंत्र मिस्त्रीकडे जाण्यापूर्वीं त्या वहींत तेलाचा रंग, दाबाचा आंकडा व बिघाडाचीं लक्षणें लिहावीं. दुरुस्तीनंतर काय बदललें तें लिहून जुना भाग परत मागून घ्यावा. या कामास संघाची मोठी पुंजी लागत नाहीं. लागते ती लिहिण्याची संवय. खरीप तोंडावर आला असतां यंत्र दारांत उघडें पडून राहणें म्हणजे काय, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. तें टाळावयाचें असेल तर वहीचें पहिलें पान याच महिन्यांत लिहिलें जावें.